झबल्यांची विहीणबाई

हत्तीच्या बाबतीत चूक झाली ती सवयीमुळे. जन्मभर नागपूरच्या महाल भागात बसून मी स्कूटर-मोटरसायकलच्या सीटा शिवल्या. चांगली सीट म्हणजे काय, तर अंगठ्याने दाबली तर अंगठाच दुखला पाहिजे. नातीसाठी शिवलेला कापडी हत्तीही मी तसाच भरला. कडेने पायपिंग लावली, दाभणाने दुहेरी टाके घातले, कापूस दांड्याने ठोकून ठोकून आत बसवला. नातीने तो हातात घेतला, दाबून पाहिला, जमिनीवर ठेवला आणि वर चढून बसली.

"आबा, किक मार," म्हणाली.

सगळी दुपार ती त्या हत्तीवर बसून घरभर घसरत होती. मला तिला झोपवायचं होतं.

तिच्या झोपेवाचून माझं काय अडलं होतं ते सांगतो. मुलगा बुटीबोरीला कंपनीत जातो, सून सदरला औषधांच्या दुकानात. दिवसभर घरात मी आणि ही चार वर्षांची. तिची आजी होती तोवर मी स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखा होतो. जेवायचं, पेपरातले फोटो पाहायचे आणि आजी-नातीच्या मधे बोलायचं नाही. थंडीत बायको गेली. पोरीचा सगळा कारभार माझ्या हाती आला आणि मला त्यातलं काहीच येत नव्हतं. खाऊ घालणं जमलं. वेणी जमली, कारण दोऱ्याचं काम आहे. दुपारची झोप मात्र जमेना.

तिची आजी तिला झोपवायची म्हणजे नुसती बाजूला आडवी व्हायची. पोरगी तिच्या पदराचं टोक घ्यायची, बोटाभोवती गुंडाळायची, नाकाशी धरायची आणि गेली. गाणं नाही, गोष्ट नाही. आता पदर कुठून आणायचा. तेरवीच्या दिवशी कपाट मीच उघडलं आणि बायकोच्या बहिणी, भांडेवाली, शेजारणी, सगळ्यांना म्हटलं की तिच्या साड्या न्या, सगळ्या न्या. मेलेल्या माणसाच्या कपड्यांना कवटाळून बसणारा माणूस मी नाही, असंही मोठ्याने म्हणालो. मोठ्याने म्हणालो म्हणजे काय ते समजून घ्या. संध्याकाळपर्यंत कपाटात नुसत्या डांबरगोळ्या उरल्या. पोरीचा विचार कोणाच्याच डोक्यात आला नाही.

मी तिला माझा दुपट्टा दिला. फेकला. सुनेची ओढणी दिली, तर म्हणे ही घसरते. धोतराचा सोगा काढून दिला तेव्हा ती माझ्याकडे अशी पाहायला लागली की मीच तो परत खोचून घेतला. झोप झाली नाही की पोरगी संध्याकाळी पिसाळायची. ताट उलटं करायची, आईचे केस ओढायची. सून दिवसभर उभी राहून आलेली. एक-दोनदा मी तिला स्वयंपाकघरात ओट्याला टेकून रडताना पाहिलं. तिथून बोलणं निघालं की पोरीला जरीपटक्याला ठेवू.

जरीपटक्याला सुनेची आई राहते, म्हणजे आमच्या विहीणबाई. बाई मोठी कर्तबगार. आवाज असा की फोन कानापासून हातभर दूर धरला तरी चालतो. कोणतीही गोष्ट झाली, म्हणजे दूध उतू गेलं की कोणी मेलं, की कमरेवर हात ठेवून म्हणणार, मी आधीच म्हटलं होतं. त्यांचं म्हणणं असं की पोर त्यांच्याकडे राहील, रविवारी आई-बापाला भेटेल. आणि मी? माझा विषय कोणी काढला नाही. पोरगी गेली की दिवसभर घरात मी आणि कूलर.

त्या कूलरपायीच गाठोडं सापडलं. उन्हं चढली म्हणून त्याचा पंप काढायला मी माळ्यावर चढलो, तर मागे एक गाठोडं. आत नातीचे तान्हेपणीचे कपडे. झबली, टोपरी, दुपटी, लंगोट, मोजे. बायकोने सगळं घरी शिवलेलं, साड्या फाडून. तान्ह्या बाळाला नवं कोरं कापड टोचतं म्हणून अंगावर मऊ झालेलंच घालायचं, हा तिचा कायदा. घरात तिच्या साड्यांचं आता एवढंच उरलं होतं, आणि तेही लंगोटाच्या आकारात.

मी माळ्यावरच बराच वेळ बसलो. मग खाली येऊन एक दुपटं पोरीच्या हातात दिलं. तिने वास घेतला. मला वाटलं जमलं. ती म्हणाली, "हे बाळाचं आहे. मी बाळ आहे का?" आणि दुपटं मला परत केलं. म्हणून मग त्याच कपड्यांची खेळणी. कपडा बाळाचा वाटायला नको, पण हातात तर राहिला पाहिजे.

हत्तीचं सांगितलंच. हत्तीवरून धडा घेऊन ससा मी ढिला भरला. तो इतका ढिला झाला की त्याची मान पडली. पोरीने त्याला उचललं, मान इकडे पडली, तिकडे पडली.

"आबा, हा मेला," ती म्हणाली.

मी म्हटलं झोपला असेल. नाही, मेलाच. मग त्याला न्यावं लागलं. ताटलीत घालून मोरीपर्यंत नेला, परत आलो, हातपाय धुतले. मला तिने कोपऱ्यात बसायला लावलं आणि दोन शेंगदाणे खायला दिले. मग म्हणाली, आता याचे कपडे वाटून टाकू. मी म्हटलं, याचे नाही वाटायचे. तिने कारण विचारलं नाही. ससा तिने मोरीतून आणला आणि दोरीवर वाळत घातला. झोप त्याही दिवशी नाही.

त्या आठवड्यात विहीणबाईंचा फोन आला. सुनेने स्पीकर लावला होता, त्याची काही गरज नव्हती. रविवारी येते, बॅग भरून ठेव, असं त्या मुलीला सांगत होत्या. मग मला म्हणाल्या, व्याह्याला त्या इवाईच म्हणतात, "इवाई, तुम्ही जिंदगीभर गाड्या सांभाळल्या. पोट्टी सांभाळणं अलग राहते. माणसाच्यानं होत नाही ते. मी आधीच म्हटलं होतं."

मी म्हटलं, बरोबर आहे. फोन ठेवल्यावर जे म्हटलं ते सांगण्यासारखं नाही.

दुसऱ्या दिवशी सून कामाला गेली आणि मी विहीणबाई शिवायला घेतल्या. राग असला की माझा हात फार चांगला चालतो. एक टोपरं घेऊन त्याचं तोंड आवळलं, डोकं झालं. छोट्या मोज्याचा पंजा कापसाने भरून मधोमध शिवला. ते नाक. मोजा छोटा होता तरी नाक मोठंच झालं आणि मी ते कमी केलं नाही. झबल्याचं टिचबटण काढून नाकावर बसवलं, चमकी झाली. सीटा शिवायच्या जाड काळ्या दोऱ्याने चष्मा काढला. दोन्ही हात कमरेवर टाचून टाकले, म्हणजे सुटायचा प्रश्नच नाही. राहिली साडी. गाठोड्यात एक जांभळं झबलं आणि त्याच कापडाचं दुपटं होतं, हिरव्या काठाचं, काठावर कोयऱ्या. कापड लोण्यासारखं मऊ. अशी साडी बायकोच्या अंगावर पाहिल्याचं मला आठवेना, पण माझ्या आठवणीचं काय, ती म्हणायची तुम्हाला माझ्या साडीपेक्षा लोकांच्या गाड्यांचे रंग जास्त माहीत. झबल्याचं पोट झालं, दुपट्याची साडी नेसवली. काठ कापायला जीव झाला नाही, म्हणून लांबलचक पदर मागे सोडून दिला. भरताना या वेळी अंगठा लावून पाहिला. अर्धा आत गेला पाहिजे. गेला.

पोरीने पाहिलं मात्र, ओरडली, "जरीपटक्याची आजी."

मी काही सांगितलं नव्हतं. नाकावरूनच ओळखलं असणार. तिने बाहुलीला गादीवर आडवं केलं, बाजूला बसली आणि हुबेहूब विहीणबाईंच्या आवाजात तिला दटावायला लागली. गुमान झोप. डोळे मिट. उन्हात गेली होती ना, मी आधीच म्हटलं होतं. मांडीवर थपडा मारून मारून बाहुलीला झोपवत होती. खऱ्या विहीणबाई इतकी वर्षं जे बोलत आल्या ते आता त्यांना ऐकून घ्यावं लागत होतं. मी भिंतीकडे तोंड करून हसलो. मग आवाज हळू झाला. मी वळून पाहिलं तर पोरगी बाहुलीच्या बाजूला आडवी झाली होती आणि तिचं बोट त्या पदराच्या टोकाभोवती गुंडाळलं जात होतं. एक वेढा, दोन वेढे. मग टोक नाकाशी.

कूलरच्या टाकीतलं पाणी संपलं, पंप नुसता खरखरायला लागला. मी उठलो नाही.

संध्याकाळी सुनेने बाहुली पाहिली. उलटून पालटून पाहिली. मग खुर्चीत बसली आणि ओढणीत तोंड खुपसून हसली. सासू गेल्यापासून ती अशी हसली नव्हती. म्हणाली, अगदी माझ्या लग्नातली आई आहे. मग हसणं आवरलं.

"मामाजी," ती म्हणाली. सासऱ्याला ती मामाजीच म्हणते. "आईनं हे पाहिलं तं पोरीलेच काय, मलेही घेऊन जाईल."

ठरलं असं की रविवारी बाहुली लपवायची. बाकीचे दिवस पोरगी रोज झोपली. संध्याकाळी ताटं सरळ राहायला लागली. सून म्हणाली, आईला मी सांगते की आता जमून राहिलं. पण तिने आईला काही सांगणं आणि आईने ते ऐकणं यात फार फरक आहे.

रविवारी विहीणबाई भर उन्हात आल्या. डोक्याला, तोंडाला ओढणी गुंडाळलेली. घरात पाय टाकताच कूलर चुकीच्या खिडकीत लावला म्हणाल्या. पोरीची बॅग दाराशी तयार होती. त्यांनी ती उचलून पाहिली, बरोबर भरली का म्हणून. बाहुली गव्हाच्या कोठीत गळ्यापर्यंत पुरलेली होती, वर झाकण. आमरसाचं जेवण झालं. पोरगी डोळे चोळत आली आणि सगळ्यांच्या मधोमध उभी राहून म्हणाली,

"जरीपटक्याची आजी पाहिजे."

विहीणबाईंचा चेहरा असा फुलला की मला जरा वाईटच वाटलं. त्यांनी दोन्ही हात पसरले. "ये वं माझी बाय. मी इथंच तं आहो."

"तू नाही," पोरगी म्हणाली. "गव्हातली."

मुलाने वाटीतून मान वर काढली नाही. सून पाणी आणायला म्हणून आत गेली ती आलीच नाही. पोरगी रडायला लागली. गव्हातली, गव्हातली. विहीणबाई माझ्याकडे पाहू लागल्या. आता सांगा, मी काय करायचं. बाहुली काढली नाही तर पोरगी झोपत नाही, आणि झोपत नाही म्हणजे विहीणबाई म्हणतात तेच खरं, बॅग दाराशीच आहे. बाहुली काढली तर बाहुली दिसते.

मी उठलो. कोठीचं झाकण काढलं, बाहुली बाहेर ओढली, गहू झटकले आणि पोरीच्या हातात दिली. ती तिला घेऊन गादीवर गेली. गुमान झोप, डोळे मिट, मी आधीच म्हटलं होतं. सगळं खणखणीत आवाजात, एक शब्द न गाळता. थपडाही मारल्या. थोड्या वेळाने बोट पदरात गेलं आणि ती झोपली. मुलगा काहीतरी काम आठवून चप्पल घालून बाहेर पडला. अशा वेळी पोटची पोरं कुठे असतात ते मला त्या दिवशी कळलं.

खोलीत विहीणबाई आणि मी. मधे झोपलेली पोरगी. भांडायचं होतं त्यांना, पण आवाज काढायची सोय नव्हती. तेवढा मोठा आवाज त्या बाईने कुजबुजीत कसा कोंबला, देव जाणे.

"हे कोण आहे?"

"बाहुली."

"चष्मा आहे हिले."

"आजकाल लहानपणीच लागते."

"इवाई."

त्या पुढे सरकल्या, बाहुलीवर वाकल्या. नाकावरचं टिचबटण पाहिलं, कमरेवरचे हात पाहिले. मग पदराची कड चिमटीत धरली आणि त्यांचा हात तसाच थांबला. अंगठ्याने त्या काठावरची कोयरी चोळत होत्या.

"ही साडी माही आहे," त्या म्हणाल्या. "म्हणजे मी दिली होती. लग्नात. मानाची."

मला तेव्हा सगळं एकदम आठवलं. साडी नाही आठवली, बायकोचं तोंड आठवलं. लग्नात मुलीकडच्यांनी मुलाच्या आईला मानाची साडी द्यायची असते आणि ती सगळ्या पाहुण्यांच्या देखत उघडली जाते. ही सुती निघाली. आमची बाई मांडवात हसून नेसली, घरी आली आणि पुढे महिनाभर मला ऐकवत होती. भिकारणीला द्यावी तशी सुती दिली म्हणे. नंतर विषय बंद झाला. मला वाटलं राग गेला. राग कात्री घेऊन बसला होता, हे आत्ता कळलं. विहिणीच्या मानाचे तिने लंगोट केले, रोज धुऊन दोरीवर वाळत घातले, आणि त्या दोरीखाली बसून विहीणबाई चहा पिऊन गेल्या असतील. आणि मी नेमकं तेच कापड त्यांनाच नेसवलं.

बायको मात्र सुटली. हे निस्तरायला मला ठेवून गेली. असती तर आत जाऊन तोंडात पदर कोंबून हसली असती आणि मग गंभीर चेहऱ्याने चहा घेऊन बाहेर आली असती.

"फाडली त्यांनी?" विहीणबाईंनी विचारलं.

खोटं बोलता आलं असतं. उंदरांनी कुरतडली म्हणता आलं असतं. पण पोरीच्या बोटात पदर होता आणि मला खोटं सुचलं नाही. म्हटलं, "हो. सुती होती म्हणून राग आला होता तिले."

मी बॅगकडे पाहत होतो.

"मे महिन्यातलं लग्न होतं," त्या शेवटी म्हणाल्या. "सारी सीताबर्डी पालथी घातली मी त्या साडीसाठी. म्हटलं, या बाईले दिवसभर शेगडीपाशी उभं राहा लागते. रेशमी दिली तं कपाटात जाईल. अंगावर घालील अशी द्याव." त्यांनी नाक ओढलं. "अन् मांडवानंतर घातलीच नाही."

"घातली ना," मी म्हटलं. "या घरात दुसरी कोणतीच साडी इतकी अंगावर राहिली नाही. या पोरीनं घातली, सकाळ-संध्याकाळ. अन् धुतली तिनं हातानं. मशीनमधी टाकू दिली नाही कोणाले."

हे मात्र खरं होतं. मशीनमध्ये बाळाचे कपडे टाकले म्हणून एकदा मीच बोलणी खाल्ली होती.

विहीणबाईंनी बाहुलीचं पोट हळूच उलटून पाहिलं. जुन्या झबल्याची शिवण अजून तशीच होती. त्यांनी बोट फिरवलं. "शिवण बाहेरून ठेवली," त्या म्हणाल्या, "बाळाले टोचू नाही म्हणून." मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतात, आणि विहिणीचं रडणं थांबवायची रीत मला माहीत नव्हती. पण त्या तोंडावर हात दाबून हसत होत्या.

"माह्यं नाक एवढं आहे?"

"मोजा मोठा होता."

"मोजा मोठा नव्हता."

"नाही," मी म्हटलं.

सून दारात येऊन उभी होती. किती वेळची, देव जाणे. विहीणबाईंनी तिला हातानेच खूण केली, बॅग आत ने म्हणून. तिने बॅग उचलली आणि पळाली, न जाणो आईचा विचार बदलला तर. मग बाई उठल्या, ओढणी डोक्याला गुंडाळायला लागल्या. जाता जाता म्हणाल्या, शनिवारी मीच येत जाईन, हिला पाहायला. मी म्हटलं या. आवाज जरा चढला माझा, तर त्यांनीच मला चूप केलं.

"अन् तो चष्मा काढा," त्या म्हणाल्या. "मोतीबिंदू काढला माह्या, दिवाळीतच. तेव्हापासून चष्मा नाही मले. तेरवीलेही नव्हता. इवाई, इतक्या दिवसांत तुम्ही माह्या तोंडाकडे पाह्यलंच नाही का?"

मी पाहिलं. खरंच नव्हता. डोळे जरा घारे आहेत बाईंचे. बायको गेल्यापासून मला कोणाचाच चेहरा धड आठवत नाही, हे त्यांना काय सांगायचं. म्हटलं, काढतो.

त्या गेल्यावर मी ब्लेड घेऊन गादीपाशी बसलो. सीटेचा दोरा, त्यात मी गाठी मारलेल्या, सुटता सुटेना. बाहुली उचलून उजेडात नेली असती तर सोपं होतं, पण पोरीने बोट पदरात घट्ट अडकवलेलं. म्हणून मीच तिच्या बाजूला पालथा झालो आणि पदर न ओढता, एकेक टाका उसवत राहिलो.